राजाच्या घरात गप्प बसलेल्या बायका

दिल्लीच्या जयपूर हाऊसच्या आवारात शिरलं की हिरवळीवर चार माणसं एक प्रचंड दगड हलवताना दिसतात. कमरेला जेमतेम कापड, पाठीचे आणि पिंढऱ्यांचे स्नायू ताणलेले, पाय जमिनीत रुतवलेले. दगड हललाय की हलायचाय, हे कितीही वेळ बघितलं तरी कळत नाही. देवीप्रसाद रॉयचौधरींचं हे शिल्प. नाव ‘ट्रायम्फ ऑफ लेबर’, श्रमाचा विजय. याचंच एक रूप चेन्नईत मरीना बीचवर आहे, १९५९ पासून. तिथे समोर समुद्र आहे, मागे रस्ता आहे, आणि देशातला पहिला मे दिन त्याच किनाऱ्यावर १९२३ साली साजरा झाला होता. तिथे त्या चौघांना काही संदर्भ आहे. दिल्लीत ते एका महाराजाच्या बागेत दगड ढकलतायत.

मी हे माझ्या मावसभावाला बोलून दाखवलं तर तो म्हणाला, “अगं, बागेतला दगड काढायला मजूरच लागतात ना.”

तो मूळचा बीड जिल्ह्यातला. गेली तीन वर्षं जुन्या राजेंद्र नगरात एका खोलीत दोघांबरोबर राहून यूपीएससीचा अभ्यास करतो. मी चार दिवसांसाठी कामानिमित्त दिल्लीत आले होते. रविवार मोकळा होता, मी म्हटलं, दादा, चल मॉडर्न आर्ट गॅलरीला जाऊ. नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट हे नाव त्याला पाठ होतं. स्थापना १९५४, अखत्यारीत संस्कृती मंत्रालय, इमारत जयपूर हाऊस. तीन वर्षांत एकदाही गेला नव्हता. वीस रुपयांचं तिकीट काढताना म्हणाला, “नोट्समध्ये फुकट होतं.”

या लेखात मला खरं तर अमृता शेरगिलच्या चित्रांबद्दल लिहायचंय. पण त्या चित्रांपर्यंत जाताना ही इमारत आणि ही बाग ओलांडावी लागते, आणि ती ओलांडताना आपल्यात काहीतरी बदलतं. म्हणून आधी इमारत.

इंडिया गेटभोवतीचा षटकोनी रस्ता म्हणजे एकेकाळची संस्थानिकांची कॉलनी. इंग्रजांनी नवी दिल्ली उभारली, नरेंद्र मंडळाच्या बैठकांना राजेमहाराजे दिल्लीत यायला लागले, आणि उतरायला प्रत्येकाला स्वतःचं घर हवं झालं. हैदराबाद हाऊस, बडोदा हाऊस, पतियाळा हाऊस, बिकानेर हाऊस. जयपूर हाऊस १९३६ चं. वरून पाहिलं तर फुलपाखरासारखा आराखडा, मधोमध घुमट, दोन्ही बाजूंना पसरलेले पंख. स्वातंत्र्यानंतर या घरांचं जे झालं ते मला एखाद्या कादंबरीपेक्षा रंजक वाटतं. हैदराबाद हाऊसमध्ये पंतप्रधान परदेशी पाहुण्यांना भेटतात. पतियाळा हाऊसमध्ये कोर्ट भरतं. बडोदा हाऊस, म्हणजे आपल्या गायकवाडांचं घर, उत्तर रेल्वेचं मुख्यालय झालं. एका राजाकडे तारीख पडते, दुसऱ्याकडे गाड्यांचं वेळापत्रक ठरतं, आणि जयपूरच्या राजाकडे चित्रं लागली. २९ मार्च १९५४ ला उपराष्ट्रपती राधाकृष्णन यांनी उद्घाटन केलं. पहिले प्रमुख होते हर्मन गोएट्झ नावाचे जर्मन कला-इतिहासकार, आणि ते आले होते बडोद्याच्या म्युझियममधून. म्हणजे दिल्लीच्या या ‘राष्ट्रीय’ संग्रहालयाच्या पायात बडोद्याच्या संस्थानी संग्रहालयाचा अनुभव आहे. उद्घाटनाचं प्रदर्शन शिल्पांचं होतं, आणि त्यात हे रॉयचौधरीही होते.

आता, राजाच्या घरात चित्रं लावली म्हणून काय बिघडलं? बिघडलं काहीच नाही. जगभर असंच होतं. पॅरिसचं लूव्र राजवाडाच होता. पण राहण्यासाठी बांधलेलं घर आणि लोकांनी जमण्यासाठी बांधलेली जागा यांत फरक असतो, आणि तो शंभर वर्षांनीही भिंतीतून जात नाही. मुंबईतली याच गॅलरीची शाखा आठवा. रीगलसमोरचा कावसजी जहांगीर हॉल, जॉर्ज विटेटने १९११ मध्ये बांधलेला. तो मुळात सभागृह. तिथे सभा झाल्या, मैफली झाल्या, भाषणं झाली, लोक ओरडले, टाळ्या वाजल्या. १९९६ मध्ये तिथे गॅलरी आली. त्या अर्धगोल, एकावर एक चढत जाणाऱ्या दालनांमध्ये बोलताना मला कधी दबकायला झालं नाही. जयपूर हाऊसमध्ये कुणी सांगायच्या आधीच आम्हा दोघांचा आवाज खाली आला. दादाने मोबाइल खिशात टाकला. त्याची चालही बदलली. घरमालक आत झोपलाय आणि आपण पाहुणे आहोत, अशी काहीतरी.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. २००९ मध्ये मागच्या बाजूला मोठी नवी इमारत झाली, तिथे हा संकोच फारसा वाटत नाही. पण १९५४ पासून त्या वर्षापर्यंत, म्हणजे अर्ध्या शतकाहून जास्त काळ, भारताची आधुनिक चित्रकला एका महाराजाच्या घरात राहिली. तिच्याकडे बघण्याची आपली सवय त्या घरात घडली. आणि त्या संग्रहाच्या मध्यभागी सुरुवातीपासून होती एक बाई, जिची चित्रं राजांनी विकत घ्यायला नकार दिला होता.

ही गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा थांबून सांगते. अमृता शेरगिल १९३४ च्या शेवटी पॅरिसहून भारतात परत आली. वय एकवीस. पॅरिसच्या सलोंमध्ये ‘यंग गर्ल्स’ या चित्राला सुवर्णपदक मिळालेलं. आल्यावर दोन वर्षांनी, १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये तिने मुंबईत ताज हॉटेलमध्ये प्रदर्शन लावलं. समीक्षक कार्ल खंडालावाला तिथेच तिच्या चित्रांच्या प्रेमात पडले आणि पुढे आयुष्यभर तिच्याबद्दल लिहीत राहिले. बॉम्बे आर्ट सोसायटीने ‘थ्री गर्ल्स’ला सुवर्णपदक दिलं. कौतुक भरपूर. गिऱ्हाईक नाही. मग ती चित्रं घेऊन दक्षिणेकडे निघाली. हैदराबादच्या नवाब सालार जंगांनी चित्रं परत पाठवली. म्हैसूरच्या महाराजांनी तिच्याऐवजी रविवर्म्याची चित्रं पसंत केली. २८ वर्षांची असताना, ५ डिसेंबर १९४१ ला, ती लाहोरमध्ये वारली. पुढे तिच्या नवऱ्याने आणि वडिलांनी चित्रं देशाला दिली आणि ती जयपूरच्या महाराजांच्या घरात लागली. जिवंतपणी एकाही दरबाराने जिला ठेवून घेतलं नाही, तिला मेल्यावर महालच मिळाला. १९७६ मध्ये तिची चित्रं राष्ट्रीय कलाठेवा ठरली, देशाबाहेर विकता येत नाहीत. २०२३ मध्ये तिचं ‘द स्टोरी टेलर’ लिलावात ६१.८ कोटींना गेलं. सालार जंगांनी परत पाठवलेल्या गठ्ठ्याचा आजचा हिशोब करायला दादाने खरंच कॅल्क्युलेटर उघडला होता.

तर ‘थ्री गर्ल्स’. १९३५. भारतात आल्यानंतरच्या तिच्या अगदी सुरुवातीच्या चित्रांपैकी एक. तीन मुली बसल्यात. एकमेकींना खेटून, पण एकमेकींकडे बघत नाहीत. आपल्याकडेही बघत नाहीत. नजरा खाली. हात मांडीवर, रिकामे. कपड्यांचे रंग भडक म्हणावेत इतके जिवंत, आणि चेहरे त्या रंगांना अजिबात न जुमानणारे. मागे काहीच नाही, ना खिडकी ना भांडं. या चित्रावर जे जे लिहिलं गेलंय त्यात एक वाक्य हमखास येतं: भारतीय स्त्रीचं दुःख, तिची अगतिकता, नशिबाची वाट पाहणं. दादाच्या नोट्समध्येही होतं. ‘ग्रामीण गरीब स्त्रियांचे चित्रण’.

पण या तिघी गरीब नव्हत्या. अमृताच्या नात्यातल्या मुली होत्या, मजिठियांच्या घराण्यातल्या, जमीनजुमला असलेल्या. हे कळल्यावर चित्र बदलतं का? माझ्यासाठी बदललं, आणि चांगल्या अर्थाने. आपण सावळी कातडी, ओढणी आणि खाली झुकलेली मान दिसली की लगेच गरिबी वाचतो. ही आपली वाचायची सवय आहे, चित्राचा दोष नाही. त्या तिघींची अडचण पैशाची नाहीच. लग्नाच्या वयाच्या मुलींना चार लोकांसमोर बसवलंय, असं बसणं माझ्या ओळखीचं आहे. ‘बघायला’ आलेल्या पाहुण्यांसमोर कांदेपोह्यांची बशी ठेवून झाल्यावर मुलगी अशीच बसते. हात कुठे ठेवायचे हा तेव्हाचा सगळ्यात मोठा प्रश्न असतो. अमृताने ते हात बरोबर ओळखले. कारण ती त्याच घरातली होती, पण तिच्यावर तसं बसायची वेळ कुणी आणली नव्हती. आतली आणि बाहेरची, दोन्ही. हे चित्र म्हणूनच खोटं वाटत नाही.

यानंतर मला जे सांगायचंय ते अजिंठ्याबद्दल आहे, आणि तिथे माझा थोडा स्वार्थ आहे.

मी तेव्हाच्या औरंगाबादची. आमच्या शाळेची सहल दर दोन वर्षांनी अजिंठ्याला जायची, कारण जवळ पडायचं. साधारण शंभर किलोमीटर. एसटीची ठरवलेली बस, डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, फर्दापूरला उतरून पुढची बस, मग पायऱ्या. पहिल्या लेण्यात पद्मपाणी. अंधार. सरांचं भाषण. पुढच्याच्या मानेकडे बघत रांगेत सरकायचं. मला तीन सहलींनंतर अजिंठ्याबद्दल एवढंच आठवत होतं की आत गार असतं आणि वटवाघळांचा वास येतो. पुढे कुणी मोठ्या उत्साहाने अजिंठ्याचं नाव काढलं की मी गप्प बसायचे. आपल्याला काही दिसलंच नव्हतं हे कसं सांगणार?

अमृता १९३६ च्या शेवटी, मुंबईच्या प्रदर्शनानंतर, अजिंठ्याला गेली. तिने पत्रांमधून जे लिहिलं त्याचा सूर असा की युरोपात शिकलेलं बरंचसं इथे येऊन फिकं पडलं. मग ती दक्षिणेत गेली, कन्याकुमारीपर्यंत, आणि परतल्यावर १९३७ मध्ये तीन मोठी चित्रं काढली: ‘ब्राइड्स टॉयलेट’, ‘ब्रह्मचारीज’, ‘साउथ इंडियन व्हिलेजर्स गोइंग टू मार्केट’. पहिली दोन या संग्रहात आहेत.

‘ब्राइड्स टॉयलेट’समोर उभी असताना मला पहिल्यांदा अजिंठा दिसला. हे वाक्य नाटकी वाटतंय याची मला कल्पना आहे, पण दुसरं कसं लिहू? मधोमध वधू, आजूबाजूच्यांपेक्षा उजळ. तळवे मेंदीने लाल. मागे केस करणारी बाई, बाजूला गडद रंगाची माणसं, मुलं. सगळे रंग मातीचे: गेरू, पिवळी माती, काजळी, तपकिरी. सतराव्या लेण्यात प्रसाधनाचा प्रसंग आहे, राणी हातात आरसा घेऊन उभी आणि भोवती दासी. ते मी तीनदा बघितलं होतं, म्हणजे त्याच्यासमोरून सरकले होते. इथे, दिल्लीत, भरपूर उजेडात, त्यातलं सगळं एकदम जागेवर बसलं. एकीच्या कडेला दुसरीची कड कशी सुरू होते, शरीराचा गोलवा सावल्या न टाकता नुसत्या रेषेने कसा येतो, गडद माणसाशेजारी उजळ माणूस ठेवला की गर्दीतही एक जण कसा एकटा पडतो. हॉटेलवर जाऊन मी फोनवर सतराव्या लेण्याचे फोटो काढून बसले. तेव्हा कळलं की मी लहानपणी काहीच बघितलं नव्हतं असं नाही. बघितलं होतं, फक्त ते कुणी तरी माझ्याकडून वदवून घ्यायला हवं होतं.

आणि नेमका इथेच फरकही दिसतो. अजिंठ्याची राणी आरशात बघते आहे. तिला ठाऊक आहे की ती सुंदर आहे, तिच्या कमरेला दिलेल्या बाकातून ते कळतं. भोवतीच्या दासींनाही काहीतरी काम आहे, कुतूहल आहे, एक वर बघते, एक वाकून बघते. अमृताच्या वधूची नजर कुठेच पोचत नाही. तिला सजवताहेत, ती सजत नाही. अजिंठ्याकडून अमृताने रंग घेतला, रेषा घेतली, माणसांची मांडणी घेतली. अजिंठ्याची गंमत घेतली नाही. अजिंठ्यात माकडं आहेत, दारू पिणारी जोडपी आहेत, पोटसुटे बुटके आहेत, वैराग्याच्या गोष्टींच्या कडेकडेने संसाराचा सगळा बाजार भरलाय. अमृताच्या भारतात बाजाराला जाणारेसुद्धा कुठल्या तरी अंत्यविधीला निघाल्यासारखे. माझं मत विचाराल तर हे तिचं बळही आहे आणि तिची मर्यादाही. पोस्टकार्डवरचा हसरा, रंगीबेरंगी भारत तिने नाकारला, चांगलंच केलं. पण त्याच्या जागी जो खिन्न भारत ठेवला, तोही बाहेरून आलेल्या माणसाला दिसणाराच आहे.

हे सगळं मी मनात जुळवत असताना दादा पुढे गेला होता, ‘हळदी ग्राइंडर्स’ या चित्रापाशी. १९४०. म्हणजे मरणाच्या आदल्या वर्षीचं. झाडांची गडद खोडं आणि त्यांच्यात बसून हळद दळणाऱ्या बायका. इथे चेहरे जवळजवळ नाहीतच. बायका म्हणजे रंगाचे तुकडे, लाल, पिवळे, खोडांच्या काळ्यामध्ये पेटलेले. चित्र म्हणून मला हे ‘थ्री गर्ल्स’पेक्षाही मोठं वाटतं. पॅरिस, अजिंठा, पहाडी लघुचित्रं, सगळं पचवून तिने इथे स्वतःचं काहीतरी केलंय. मी हे दादाला सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात तोच म्हणाला,

“या गप्प का आहेत गं?”

मी म्हटलं, चित्रातली माणसं गप्पच असतात.

“तसं नाही. दळायला बसलेली बाई गप्प बसेल का? आपली आजी बसली असती?”

आमची आजी, म्हणजे माझ्या आईची आणि त्याच्या आईची आई, जात्यावर बसली की गायची. गाणं म्हणावं असं ते नव्हतं, जात्याच्या घरघरीवर बसवलेलं बोलणं होतं. भाऊ, माहेर, विठ्ठल, पाऊस, सासू, सगळं त्यात. मी लहान असताना तिचं दळण थांबलेलं होतं, पण सणावाराला डाळ भरडायला जातं निघायचं आणि त्याबरोबर तिचा आवाज. लग्नातली हळद तर गाण्याशिवाय दळतच नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, तो आकडा एक लाखाच्या वर जातो. ‘परी’च्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी आवाजासकट ऐकता येतात, फोनवर, आत्ता. म्हणजे जगातल्या सगळ्यात बोलक्या बायका शोधायच्या तर त्या जात्यापाशी शोधाव्यात. आणि अमृताच्या चित्रात तिथेच सगळ्यात गाढ शांतता आहे.

मी तिची वकिली करायचा प्रयत्न केला. हे उत्तर भारतातलं गाव आहे, आपल्याकडचं नाही. (दादा: “तिकडच्या बायकांना तोंड नसतं का?” आणि खरंच, दळणाची गाणी तिकडेही आहेत, जँतसार म्हणतात.) चित्रात आवाज कसा दाखवणार? (अजिंठ्यात दाखवलाय. वाद्यं वाजवणाऱ्या बायकांची बोटं बघा.) मग मी ते चित्र कुठे काढलं ते सांगितलं. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर गोरखपूरकडे सराया या गावी राहत होती. तिथे तिच्या घराण्याची जमीन होती, साखर कारखाना होता.

“साखर कारखाना,” दादा म्हणाला आणि हसला. त्याचे काका दर दिवाळीनंतर काकूला आणि दोन कोयते घेऊन कारखान्यावर जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात. बीडच्या माणसाला साखर कारखाना कुणाच्या तरी घराण्याचा असतो हे समजावून सांगावं लागत नाही. “म्हणजे मालकाच्या घरातून बघितलंय,” तो म्हणाला. “मालकाच्या घरातली बाई जवळ आली की कामाच्या बायका गप्प होतातच की. गाणं थांबतं. ती गेली की परत सुरू.”

मी अमृतावर बरंच वाचलंय. चांगल्या चांगल्या लोकांचं वाचलंय. ‘हळदी ग्राइंडर्स’बद्दल याहून नेमकं वाक्य माझ्या वाचनात आलेलं नाही. चित्रातली शांतता ही त्या बायकांची नाही. ती चित्रकार तिथे असल्यामुळे पडलेली शांतता आहे. तिने जे दिसलं ते प्रामाणिकपणे रंगवलं, आणि दिसलं ते तिच्या उपस्थितीने आधीच बदललेलं होतं. ‘थ्री गर्ल्स’मधलं मौन तिला आतून माहीत होतं, म्हणून तिथे तिने चेहरे काढले. सरायातल्या बायकांचे चेहरे तिने पुसले, आणि ही माझ्या मते तिच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. जे माहीत नाही ते तिने नाटकी दुःखाने भरून काढलं नाही. पाच वर्षांपूर्वी तिने त्या चेहऱ्यांवर खिन्नता रंगवली असती. १९४० मध्ये तिने फक्त रंग ठेवला. आणखी दहा वर्षं मिळाली असती तर ती त्या बायकांच्या किती जवळ जाऊन बसली असती, हा प्रश्न मनात येतो. पण तो चित्राचा प्रश्न नाही.

दादाला हे पटलं नाही. “तू तिला सोडवतेयस,” तो म्हणाला. असेल. मला ती आवडते.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांना एकाच वेळी सुचली, ते चार ब्राँझचे मजूर आठवून. बाहेर बागेत पुरुष काम करतायत, स्नायू फुगवून, ‘विजय’ वगैरे नावासकट. आत बायका बसल्यात, वाट बघतायत, सजवल्या जातायत, आणि काम करतात तेव्हाही त्यांच्या कामाला विजय म्हणावं असं कुणाला वाटलेलं नाही. दगड उचलणं म्हणजे श्रम आणि हळद दळणं म्हणजे विषय. रॉयचौधरींच्या त्या चौघांत एक बाई असती तर? रस्त्याच्या कामावर अर्ध्या बायका असतात, खडी त्याच वाहतात. शिल्पकाराने बघितलं नाही असं नाही, पण ‘श्रम’ हा शब्द मनात आला की त्याच्या डोळ्यांसमोर पुरुषाची पाठ आली. शिल्प दमदार आहे, त्यात वाद नाही. फक्त ते दमदार असण्यावर जरा जास्तच खूश आहे.

नव्या इमारतीत आम्ही घाईने फिरलो, आणि ते चुकलंच, कारण एकट्या तिथे दिवस जातो. गायतोंड्यांच्या एका चित्रासमोर मात्र थांबलो. वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूरचा, घराणं गोव्याकडचं, शिक्षण जे. जे. मध्ये, आणि पुढची अनेक वर्षं या संग्रहालयापासून थोड्याच अंतरावर निजामुद्दीनमध्ये एकट्याने काढलेली. त्यांच्या चित्रातही शांतता आहे, पण ती कुणाच्या तोंडावर बसवलेली नाही. तिथे कुणी नाहीच. रंगाचे पातळ थर, त्यांच्या आत कुठेतरी खुणा, लिपी असावी असं वाटावं आणि वाचता येऊ नये. दादा बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “हे सिलॅबसमध्ये नाही.” आणि आणखी थोडा वेळ उभा राहिला. अमृतासमोर आम्ही सारखे बोलत होतो, भांडत होतो. इथे काही बोलावंसं वाटलं नाही. यातलं कुठलं चित्र मोठं, असल्या तुलनेत मला रस नाही. पण त्या दिवशी मला भांडायला लावणारी चित्रं जास्त हवी होती, एवढं कबूल करते.

बाहेर आलो तेव्हा जानेवारीचं ऊन हिरवळीवर उतरलं होतं. दिल्लीकर हिवाळ्यात उन्हात बसतात तसे लोक बसले होते. एक कॉलेजमधली मुलगी वहीत त्या मजुरांचं चित्र काढत होती आणि तिला सर्वांत मागच्या माणसाचा पाय जमत नव्हता. ती सारखी खोडत होती. आम्ही जरा लांब बसलो. दादाने मावशीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आजी हळद दळताना काय म्हणायची, असं विचारलं.

“कुठून फोन करतोयस?” मावशी म्हणाली.

“जयपूरच्या राजाच्या घरातून.”

“जेवलास का?”

जेवलो म्हणाला. मग तिने दोन ओळी आठवून पाहिल्या, मध्येच अडली, परत सुरुवातीपासून म्हटल्या, पुन्हा तिथेच अडली. गिरणी आल्यापासून कोण लक्षात ठेवतंय, म्हणाली. धाकट्या मामीला विचार, तिला येतात. मग विचारलं, तिथे मध्येच हे कुठून आठवलं. दादाने चित्राचं सांगितलं. हळद दळणाऱ्या बायका आहेत, झाडाखाली बसल्यात, खूप जुनं चित्र आहे, कोट्यवधींचं.

“किती जणी आहेत?” मावशीने विचारलं.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मोजलंच नव्हतं. दादा उठला आणि तिकीट अजून चालतं का ते विचारायला खिडकीकडे गेला.